घळीची मोजणी

त्या मुलखात केर सगळेच करीत आणि तो उचलण्याचं काम मात्र तरसांचं होतं. हे कधी ठरलं ते कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे ते मोडावं असंही कुणाला सुचत नव्हतं.

मुलूख तसा आटोपशीर होता. मधोमध एक तळं. तळ्याच्या एका अंगाला उतरत्या खडकांच्या पायऱ्या होत्या, बाकी सगळीकडे उभे कडे. तिथे सगळे पाणी पीत आणि त्या जागेला पाणवठा म्हणत. वर चढावर जांभळीचा पार, त्याच्या पलीकडे खारी दरड, जिथली माती चाटायला हरणं आणि गवे येत. पुढे खिंड, आणि खिंडीच्या तोंडाशी सभेची शिळा. या सगळ्याच्या खालच्या अंगाला एक घळ होती आणि घळीतून एक लहानसा ओढा वाहत असे. तरसं तिथे राहत. उजाडलं की ती तोंडात खराटे धरून वर येत, दिसेल तिथे झाडत, आणि गोळा झालेला केर पळसपानांच्या पाट्यांत भरून पाठीवरून घळीत नेऊन टाकत. टाकायला दुसरी जागा नाही, असं सभेचं म्हणणं होतं.

एका वर्षी चितळांच्या पाडसांना ढाळ लागले आणि पंधरा दिवसांत अकरा पाडसं गेली. सभा भरली. अध्यक्ष होता एक म्हातारा सांबर. त्याला सगळे दाजीसाहेब म्हणत. त्याची शिंगं इतकी पसरलेली होती की तो मान वळवू लागला की आजूबाजूचे आपोआप मागे सरत. कारभार पाहणारा कारकून बगळा त्याच्या उजव्या हाताला एका पायावर उभा असे. बगळा म्हणाला, "झाडलं जातं, पण अंदाजाने झाडलं जातं. जिथे कमी पडतं तिथेही तितकेच खराटे आणि जिथे जास्त पडतं तिथेही तितकेच. आधी प्रत्येक सार्वजनिक जागेची जोखीम ठरवावी. कुठे किती केर पडण्याचा संभव आहे ते मोजावं, जागांचे चार वर्ग करावेत, आणि वर्गाप्रमाणे झाडलोट लावावी."

म्हणणं शहाणपणाचं होतं. सभेने ते उचलून धरलं. मोजणीसाठी कोण, असा प्रश्न आला तेव्हा कुणीतरी सदोबाचं नाव घेतलं.

सदोबा हे साळिंदर होतं. एकटं राहायचं, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. त्याच्या काट्यांमुळे कुणी त्याच्या फार जवळ बसत नसे, आणि लहानपणापासून असंच होत आल्यामुळे त्याला दुरून नीट पाहण्याची सवय लागली होती. पाहिलेलं तो विसरत नसे, आणि खोटं तर त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकलंच नव्हतं. सभेने बोलावून काम दिलं, त्या दिवशी तो घरी जाताना दोन ससे वाटेतून बाजूला झाले. काट्यांना भिऊन नव्हे, मानाने. सदोबाला तो फरक कळला, आणि उरलेली वाट तो जरा सावकाश चालला.

काम त्याने मन लावून केलं. एका जागी सूर्योदयाला बसायचं, दुपारी सूर्य डोक्यावर येईपर्यंत हलायचं नाही. पडेल तो प्रत्येक नग मोजायचा: जांभळाची बी, शेंगेचं टरफल, पीस, हाडूक, लेंडी. एका जागी सात सकाळी. मग आपल्या पाठीचे गळलेले काटे त्या जागेच्या वेशीवर रोवायचे. चार काटे म्हणजे पहिला वर्ग, सगळ्यांत जास्त जोखीम, दिवसातून तीनदा झाडलोट. तीन काटे म्हणजे दुसरा वर्ग, रोज एकदा. दोन काटे, आठवड्यातून एकदा. एक काटा, कुणी तक्रार केली तर.

पाणवठ्यावर बसला तेव्हा त्याची ठमाशी ओळख झाली.

ठमा ही झाडणारी तरस. तिचा बाप केरबा आयुष्यभर पाणवठाच झाडत आला होता. त्याच्या आधीची तीन पिल्लं जगली नव्हती, म्हणून हा जन्मल्यावर आईने त्याला एकदा केरात ठेवून उचललं होतं आणि नाव केरबा ठेवलं होतं. आता त्याचे दात गेले होते. तो सकाळी लेकीबरोबर नुसता वर येई, कडेच्या खडकावर बसे, आणि ती झाडताना कोपरा सोडत नाही ना ते पाही.

पहिल्याच सकाळी ठमाने झाडता झाडता सदोबाला पाहिलं, खराटा खाली ठेवला, पायरीवर वाकून चार घोट पाणी प्याली आणि म्हणाली, "मोजणीदार, आज बसून काय उपयोग? आज काही पडायचं नाही."

"का?"

"काल गव्यांचा कळप वर गेलाय. परवा उतरेल. परवा बसा म्हणजे कळेल."

तसंच झालं. परवाच्या सकाळी सदोबाने दोनशे साठ नग मोजले. त्यानंतर तो तिला विचारू लागला. वारा पश्चिमेचा असला की पाराखालचा पाला कुठे साचतो, माकडं कुठल्या फांदीवरून काय टाकतात, खिंडीत हाडं का सापडतात आणि ती कोण आणून टाकतं, हे सगळं तिला पाठ होतं. ती झाडायची, दमली की खराटा ठेवायची, पाणी प्यायची, बोलायची. केरबा खडकावरून मधूनच म्हणायचा, "तिला विचारा, तिला. मी सांगितलं असतं, पण मला आता दगडच आठवतात, त्यावर पडलेलं आठवत नाही." आणि आपल्याच बोलण्यावर हसायचा.

सदोबाशी इतकं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

वर्ग जाहीर झाले तेव्हा थोडी कुरकुर झाली. खाऱ्या दरडीला चार काटे लागले, तर हरणांना ते अपमानाचं वाटलं. त्यांचं शिष्टमंडळ सभेकडे गेलं. "आम्ही काय घाणेरडी आहोत? टाकून जातात ते येणारेजाणारे." मग बगळ्याने त्यांना समजावलं की चार काटे म्हणजे दिवसातून तीनदा खराटे. शिष्टमंडळ परत गेलं. दुसऱ्या आठवड्यात ज्यांना दोन काटे मिळाले होते ती पारावरची माकडं आली आणि त्यांनी चार मागितले. फेरमोजणीच्या सकाळी त्यांनी सदोबाच्या डोळ्यांदेखत फांद्या हलवून हलवून जांभळं पाडली. सदोबाने पाडलेली वेगळी मोजली आणि पडलेली वेगळी. पाराचे दोन काटे दोनच राहिले. त्यामुळे माकडं त्याच्यावर रागावली आणि सभेत त्याचा मान आणखी वाढला.

महिन्याभरात मुलूख खरोखरच स्वच्छ दिसू लागला. पाडसांचे ढाळ थांबले. पाणवठ्याच्या पायऱ्या उन्हात चमकत. फक्त एक गोष्ट सदोबाच्या लक्षात आली. पहिल्या वर्गाच्या जागी केर वाढत होता. आधी जे गवे शेंगा खाऊन टरफलं कडेला सरकवीत, ते आता मधोमध टाकीत. एकाला त्याने विचारलंही. गवा सहजपणे म्हणाला, "झाडणार आहेतच की. मग कडेला काय आणि मधे काय." पाणवठ्यावर दोनशे साठचे चारशे झाले, चारशेचे सहाशे. सदोबाने आकडे सभेला दिले. सभेने पाणवठ्याची झाडलोट तीनदाची पाचदा केली.

पाट्याही तितक्या वाढल्या. सगळ्या घळीत जात.

एके सकाळी ठमा पाणवठ्यावर आली ती एकटीच. खडक रिकामा होता. तिने पायऱ्या झाडल्या, पाणी प्याली, आणि पुन्हा झाडू लागली. सदोबाने विचारलं, "केरबा कुठेत?"

"घरी आहे. बहिणीची पिल्लं राखतोय." मग ती म्हणाली, "दोन राखतोय. चार होती."

"काय झालं?"

"ओढ्याचं पाणी. पोटं फुगली आणि गेली. शेजारचीही गेली. तुमच्या पाडसांसारखंच. मोजणीदार, एक विचारू? घळीचा वर्ग कुठला?"

घळ सदोबाच्या यादीत नव्हती. यादी सभेने दिली होती आणि तिच्यात सार्वजनिक जागा तेवढ्या होत्या. त्याने तसं सांगितलं.

"मग लिहू नका," ठमा म्हणाली. "नुसतं येऊन मोजा. आकडा किती होतो ते तरी आम्हाला कळू दे."

दुसऱ्या दिवशी सदोबा घळीत गेला. त्या मुलखात जन्म जाऊनही तो तिथे कधी उतरला नव्हता. वाट अरुंद होती आणि पाट्यांनी घासून गुळगुळीत झाली होती. खाली दोन्ही अंगांना केराचे ढीग घळीच्या निम्म्या उंचीपर्यंत आले होते, आणि ढिगांच्या मधल्या फटीतून ओढा दिसत होता, काळपट, फेसाळ, जागच्या जागी. ढिगांच्या वरच्या अंगाला, खडकांच्या कपारींत, तरसांची घरं होती. घरांपुढचं अंगण प्रत्येकीने झाडून ठेवलेलं होतं. एक हात रुंद, पण लख्ख.

केरबा कपारीच्या तोंडाशी बसला होता. दोन पिल्लं त्याच्या पोटाशी झोपली होती. तो म्हणाला, "या, मोजणीदार. बसायला जागा नाही, उभ्याने मोजा."

सदोबा सूर्योदयापासून उभा राहिला. एकामागून एक पाट्या उतरत होत्या. पाणवठ्याची, दरडीची, पुन्हा पाणवठ्याची, खिंडीची, पुन्हा दरडीची. तो मोजत होता. चारशे झाले, सहाशे झाले, हजार झाले. तो काही काळ नुसतं मोजत राहिला, मग त्याला आपण मोजलेलेच नग ओळखू येऊ लागले. काल पाणवठ्यावर दुसऱ्या पायरीवर पडलेलं मोराचं मोडकं पीस. दरडीवरचं वाकडं शिंग. हे सगळं त्याने एकदा मोजलेलं होतं, आणि मोजून झाल्यावर ते कुठे जातं हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

दुपारी सूर्य डोक्यावर आला तेव्हा आकडा चार हजार दोनशेवर गेला होता. सदोबाने तो सांगितला. जमलेली तरसं ढिगांकडे वळून पाहू लागली. आपण रोज वाहतो ते एवढं आहे, हे त्यांनाही आकड्यात कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

"पाणवठ्याच्या सातपट," सदोबा म्हणाला.

"मग लिहा," ठमा म्हणाली.

"ठमे," केरबा म्हणाला.

"काय चुकलं, बा? सहाशेला पाच वेळा खराटे लागतात. चार हजाराला काहीतरी करतील की नाही? केर टाकायला दुसरीकडे जागा तरी देतील. आकडा आहे हा, आपलं रडगाणं नाही."

केरबा पोटाशी झोपलेल्या पिल्लांना धक्का लागू नये अशा बेताने जरासा सरकला. "आकडा खरा आहे," तो म्हणाला. "पण वर जाऊन तो कुणाचा होईल, ते मोजणीदाराच्या हातात नसतं. मोजणीदार, तुम्ही भले आहात. माझं ऐकाल तर हा आकडा इथेच ठेवून जा."

सदोबाने दोघांकडे पाहिलं. त्याच्या मनात म्हाताऱ्याने बोलून दाखवलेलं भय होतं आणि लेकीची आशा होती, आणि त्याहून खाली, त्याला स्वतःलाही नीट न दिसणारी, आणखी एक गोष्ट होती: आपण नेलेल्या आकड्याला सभा आजवर नाही म्हणाली नव्हती. तो म्हणाला, "मी नेतो. खरा आकडा वाया जात नाही."

सभेत त्याने सगळं सांगितलं. घळ, ढीग, ओढा, गेलेली पिल्लं, चार हजार दोनशे. घळीला पहिला वर्ग द्यावा, केर टाकण्यासाठी मुलखाबाहेर जागा शोधावी आणि तोवर ओढा उपसून घ्यावा, अशी त्याने मागणी केली. एवढं लांब तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

सभा शांतपणे ऐकत होती. आकडा ऐकून दाजीसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "सातपट," ते म्हणाले. "भयंकर आहे हे. आणि आपल्याला पत्ताच नाही."

बगळ्याने पाय बदलला. "एक शंका आहे," तो म्हणाला. "घळीत जनता जाते का?"

"नाही," सदोबा म्हणाला.

"मग हा केर तिथे कोण टाकतं?"

"तरसं. पण ती टाकतात ते आपलंच—"

"प्रश्न एवढाच आहे, मोजणीदार, की टाकतं कोण. तुम्ही स्वतः उभे राहून पाहिलंत. एकही नग दुसऱ्या कुणी टाकला?"

सदोबाने आठवून पाहिलं. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. "नाही," तो म्हणाला.

बगळा सभेकडे वळला. त्याचा आवाज नेहमीसारखाच मवाळ होता. "कुणाचा अपमान करण्याचा हेतू नाही. पण आपण आजवर जोखीम जागेची धरत होतो. जागा काही टाकत नाही, टाकणारे टाकतात. पाणवठ्यावर सगळा मुलूख मिळून सहाशे नग टाकतो. आणि हे मूठभर रहिवासी एका सकाळीत चार हजार दोनशे. आणि ढाळाचा आजारही आता तिथेच आहे. असे रहिवासी रोज पाचदा पाणवठ्यावर येतात, तिथे रेंगाळतात, पायरीवर वाकून पाणी पितात. आपली पाडसं त्याच पायरीवर पितात."

सभेत एक थरथर पसरली. ज्यांची अकरा पाडसं गेली होती त्या चितळणी पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. त्यांतली एक उठून म्हणाली, "मला त्यांचं वाईट वाटतं. पण माझं एक गेलंय."

सदोबा म्हणाला, "मी आकडा परत घेतो."

"म्हणजे तो चुकीचा आहे?" दाजीसाहेबांनी विचारलं.

"चुकीचा नाही. पण—"

"मोजणीदार, तुमचा एक आकडा चुकीचा म्हटला तर सगळेच चुकीचे ठरतात. मग पाणवठ्याचे काटे उपटावे लागतील, दरडीचे उपटावे लागतील. पुन्हा अंदाजाने झाडायचं? पुन्हा पाडसं मरू द्यायची?" त्यांनी मान वळवली आणि सभा मागे सरली. "तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. म्हणून तर निर्णय घेता येतो आहे."

निर्णय असा झाला. घळीचे रहिवासी पहिल्या वर्गाच्या जोखमीचे मानावेत. त्यांनी पाणवठ्यावर कामापुरतं यावं. काम चालू आहे हे लांबून ओळखू यावं म्हणून खराटा सतत तोंडात असावा. खराटा खाली ठेवला की काम संपलं असं समजून पहाऱ्यावरच्या रानडुकरांनी त्यांना वर घालवावं. पाणी प्यायला कुणालाही बंदी नाही. काम करता करता कुणी पाणी प्यालं तर सभेची हरकत नाही. हे शेवटचं वाक्य दाजीसाहेबांनी आग्रहाने घालून घेतलं, आणि सभेतल्या बऱ्याच जणांना ते ऐकून बरं वाटलं.

सदोबा त्याच दिवशी घळीत गेला. सांगणं त्याचंच काम होतं असं त्याला वाटलं. त्याने निर्णय शब्दशः सांगितला. काही तरुण तरसं उसळली. उद्यापासून एकही खराटा उचलायचा नाही, ती म्हणाली. मग कुणीतरी विचारलं की खराटा उचलला नाही तर पाणवठ्यावर जाता येणार नाही, आणि ओढा हा असा आहे, तर प्यायचं काय? शेजारचा मुलूख चार दिवसांच्या वाटेवर होता आणि तिथे तरसांना काय नियम होते कुणास ठाऊक. उसळलेली तरसं खाली बसली.

ठमा सदोबासमोर येऊन उभी राहिली. तो तिच्याकडे पाहू शकला नाही.

"तुम्ही खोटं काही सांगितलं नाही ना?" तिने विचारलं.

"नाही."

"तेच तर," ती म्हणाली. "खोटं सांगितलं असतंत तर मला तुमच्यावर रागावता आलं असतं. मीच म्हटलं, लिहा."

केरबा आपल्या हिरड्या चाटत बसला होता.

सदोबाने मोजणीचं काम सोडतो असा निरोप सभेला पाठवला. बगळ्याचं उत्तर आलं की नवा मोजणीदार मिळेपर्यंत पाणवठ्याची मासिक मोजणी तेवढी करावी. दुसरा कुणी मोजू लागला तर घळीचे आकडे याहून वाईट निघतील, असंही त्यात सहज लिहिलं होतं. सदोबाने ते उत्तर तीनदा वाचलं. मोजणीच्या दिवशी तो सूर्योदयाला पाणवठ्यावर जाऊन बसला.

तरसं आली. पूर्वी सहा येत, आज घळच्या घळ आली होती. झाडणारी, न झाडणारी, म्हातारी, लंगडी, पोटुशी, सगळी, कारण तहान सगळ्यांना होती. प्रत्येकाच्या तोंडात खराटा होता. ज्यांना खराटा पुरला नाही त्यांनी डहाळी धरली होती. ती पायऱ्यांवर पसरली आणि झाडू लागली. सकाळची झाडलोट आधीच झालेली होती. खडकावर केराचा कणही नव्हता. तरी ती झाडत होती, एक पायरी, मग खालची, मग त्याहून खालची. पूर्वी त्या पायऱ्यांवर झाडताना गप्पा चालत, कुणी कुणाला हाका मारी. आज खराटे दगडावर घासल्याचा आवाज तेवढा येत होता. सगळ्यांची तोंडं भरलेली होती.

पाण्यापाशी पोचल्यावर ती थबकत. खराटा दातांत तसाच धरून, ओठांच्या एका कोपऱ्यातून पाणी आत ओढण्याचा प्रयत्न करीत. निम्मं बाहेर सांडे. मग पुन्हा वरून झाडत यायचं. एका पोटुशीने घाईत खराटा पायाशी ठेवला आणि तोंड पाण्यात घातलं. डुकराने तिला हटकलं, मारलं नाही, फक्त वर जाण्याची वाट दाखवली. ती गेली.

ठमा सदोबाच्या समोरून दोनदा गेली. दोन्ही वेळा तिने त्याच्याकडे पाहिलं. काही म्हणायचं असावं. तिने म्हटलं नाही, तिला म्हणता येत नव्हतं.

केरबा सगळ्यांत शेवटी उतरला. त्याच्या हिरड्यांत खराटा टिकत नव्हता. पहिल्या पायरीवर खराटा पडला. डुक्कर म्हणालं, "आजोबा, परत वरून." केरबा खराटा उचलून वर गेला, पुन्हा उतरला. दुसऱ्या पायरीवर पडला. परत वर. तिसऱ्यांदा तो चौथ्या पायरीपर्यंत पोचला. त्याने आयुष्यभर ज्या ठिकाणी खराटा डावीकडून उजवीकडे वळवला होता त्याच ठिकाणी सवयीने वळवायला गेला आणि खराटा निसटून खाली गडगडत पाण्याच्या काठाशी जाऊन थांबला. केरबा रिकाम्या तोंडाने उभा राहिला. ऊन चढलं होतं. त्याची जीभ बाहेर आली होती आणि कोरडी होती.

"आजोबा," डुक्कर म्हणालं, या वेळी जरा अवघडून, "परत वरून."

केरबा वळला. वर चढून गेला आणि पहिल्या पायरीच्या वर, हद्दीच्या पलीकडे, जमिनीला पोट टेकवून बसला.

ठमा अगदी खालच्या पायरीवर होती. तिने सगळं पाहिलं होतं. ती झाडत पाण्यापर्यंत गेली, खराट्याचं टोक पाण्यात बुडवलं आणि बुडवलेलंच ठेवलं. मग तो निथळता खराटा तोंडात तसाच धरून ती एकेक पायरी चढू लागली. चढताना ती झाडत नव्हती, पण खराटा तिच्या तोंडात होता. डुक्कर बगळ्याकडे पाहू लागलं. बगळा पलीकडच्या खडकावर उभा होता. त्याने बराच विचार केला, नियम मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि नकारार्थी मान हलवली. हरकत घेण्यासारखं काही नव्हतं.

ठमा वर पोचली आणि बापासमोर उभी राहिली. तिने मान खाली केली. खराट्याच्या काड्यांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं. केरबाने ती टोकं हिरड्यांत घेतली आणि चोखू लागला. त्याचा घसा हलताना खालच्या पायरीवरूनही दिसत होता. खराटा हलू नये म्हणून ठमाने मान ताठ धरली होती.